दोघांनाही लख्ख आठवते, तरी जुळत नाही

प्रश्न : मी ४८ वर्षांची आहे. सात वर्षांची असताना एका रात्री आमच्या घराला आग लागली होती. धुराच्या वासाने मला जाग आली, अंधारात चाचपडत मी दाराची कडी काढली आणि ओरडून सगळ्यांना उठवले, हे मला काल घडल्यासारखे आठवते. कडीचा थंडगार स्पर्शसुद्धा आठवतो. ती रात्र तर संपतच नव्हती. माझ्याहून तीन वर्षांनी मोठा असलेला दादा मात्र ठामपणे सांगतो की सगळ्यांना त्याने उठवले आणि मी झोपेतच होते. आजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, ‘पोरांना जाग आली म्हणून आम्ही वाचलो.’ यावरून आम्हा भावंडांत अनेक वर्षे कुरबुर चालू आहे. आई गेल्यानंतर तिची रोजनिशी सापडली. आगीच्या दुसऱ्या दिवशी तिने लिहिले आहे : ‘शेजारच्या बाईंनी दार बडवले म्हणून जाग आली. मुले दोन्ही गाढ झोपेत होती. उचलून बाहेर नेले.’ दादा म्हणतो, आईने घाबरलेल्या मनःस्थितीत चुकीचे लिहिले. मी मात्र हादरले आहे. एवढी स्पष्ट आठवण खोटी असेल तर मी कशावर विश्वास ठेवायचा? माझे डोके बिघडते आहे का? आणि दादा इतकी वर्षे खोटे बोलत होता का?

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुमच्या मनातली भीती मोठी आहे, म्हणून तिचे उत्तर आधी देतो. चाळीस वर्षांपूर्वीचा एखादा प्रसंग मनात वेगळ्याच रूपात साठलेला असणे हे डोके बिघडल्याचे लक्षण नाही. धडधाकट माणसाच्या स्मरणातही हे सतत घडत असते. विस्मरणाच्या आजाराची शंका घ्यावी लागते ती निराळ्या खुणांवरून : नुकतेच झालेले बोलणे वारंवार विसरणे, तोच प्रश्न थोड्या थोड्या वेळाने विचारणे, पायाखालच्या रस्त्यावर वाट चुकणे, नेहमीचे हिशेब किंवा नेहमीची कामे जमेनाशी होणे. असे काही होत असेल तर विनाविलंब डॉक्टरांकडे जावे; तुमच्या पत्रात मात्र यातले काहीही नाही. दादांबद्दल म्हणाल तर ते खोटे बोलत असावेत असे मला वाटत नाही. खोटे बोलणाऱ्याला खरे काय ते माहीत असते. दादा, तुमच्यासारखेच, जे त्यांना मनापासून खरे वाटते तेच सांगत आहेत.

तुमच्या साऱ्या अस्वस्थतेच्या मुळाशी एक गृहीतक आहे, आणि ते तपासून पाहायला हवे. आठवण जितकी स्पष्ट तितकी ती खरी, असे आपण सगळेच धरून चालतो. बालमानसशास्त्राचे विख्यात अभ्यासक झाँ पियाजे यांनी स्वतःचा एक अनुभव लिहून ठेवला आहे. सुमारे दोन वर्षांचे असताना पॅरिसमध्ये बाबागाडीतून फिरताना एका माणसाने त्यांना पळवून नेण्याचा प्रयत्न केला आणि सांभाळणाऱ्या दाईने त्याच्याशी झटापट करून त्यांना वाचवले, हे दृश्य त्यांच्या डोळ्यांसमोर होते. दाईच्या चेहऱ्यावरचे ओरखडे, धावत आलेला पोलीस, त्याचा आखूड झगा आणि हातातला पांढरा दंडुका, सगळे काही त्यांना दिसत असे. पियाजे १५ वर्षांचे असताना त्या दाईने त्यांच्या आईवडिलांना पत्र पाठवून कळवले की तो प्रसंग तिने रचलेला होता, ओरखडेही तिनेच काढून घेतले होते. बक्षीस म्हणून मिळालेले घड्याळ तिने परत केले. म्हणजे जे घडलेच नव्हते ते त्यांना आठवत होते, आणि तेही रंगरूपासकट. लहानपणी घरात ऐकलेल्या हकिकतीतून मनाने ते चित्र उभे केले असणार, असा निष्कर्ष पुढे त्यांनीच काढला. तुमची दाराची कडी आणि पियाजेंचा पांढरा दंडुका यांची जात एकच असावी, असे मला वाटते.

हे कसे होते, ते समजून घेण्यासाठी आठवणीच्याही मागे, पाहण्यापर्यंत जावे लागेल. आपण डोळे उघडतो आणि जग जसे आहे तसे आत येते, असे वाटते. प्रत्यक्षात डोळ्यांकडून मेंदूला मिळणारा मजकूर फारच त्रोटक असतो. हात लांब करून अंगठा धरला तर त्याच्या नखाएवढ्या भागातच आपल्याला बारकाईने दिसते, बाकीचे सगळे अंधुक असते. नजर सेकंदाला साधारण तीन वेळा उड्या मारत असते, आणि त्या उड्यांच्या दरम्यानचे धूसर चित्र आपल्याला जाणवतही नाही. तरीही आपल्याला दिसते ते सलग, स्थिर आणि कडेपर्यंत स्पष्ट असे दृश्य. ते मेंदू तयार करतो.

याचा पुरावा तुम्ही आत्ता घरी बसून घेऊ शकता, आणि जरूर घ्या, कारण या गोष्टी वाचण्यापेक्षा स्वतः अनुभवल्या की अधिक पटतात. एका कोऱ्या कागदावर डावीकडे फुली काढा आणि तिच्या उजवीकडे, त्याच रेषेत, सुमारे आठ सेंटिमीटरवर एक ठळक ठिपका काढा. डावा डोळा झाका, उजव्या डोळ्याने फक्त फुलीकडे पाहा आणि कागद चेहऱ्यापासून साधारण ३० सेंटिमीटरवर धरून हळूहळू पुढेमागे करा. एका ठराविक अंतरावर ठिपका नाहीसा होईल. डोळ्यातून मज्जातंतू जिथून बाहेर पडतो त्या जागी प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. १७ व्या शतकात फ्रान्सच्या एद्म मारियॉट यांनी ही आंधळी जागा दाखवून दिली. मात्र ठिपका गेला त्या जागी तुम्हाला भोक किंवा काळा डाग दिसणार नाही. तिथे कोरा कागदच दिसेल. आता ठिपक्याच्या आरपार जाणारी एक आडवी रेघ ओढा आणि पुन्हा पाहा : ठिपका जाईल, रेघ मात्र अखंड दिसेल. जिथून काहीच माहिती येत नाही तिथे आजूबाजूच्या आधारे मेंदूने भर घातली, आणि हा भाग आपण घातलेला आहे असे कुठेही कळू दिले नाही. मला या प्रयोगातली हीच बाब सर्वांत महत्त्वाची वाटते. भर घातलेले आणि पाहिलेले यांच्यात आतून जाणवेल असा काहीच फरक नसतो.

जे समोर असते तेही लक्ष दुसरीकडे असेल तर दिसत नाही. डॅनियल सायमन्स आणि क्रिस्टोफर शाब्री यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना एक छोटी चित्रफीत दाखवून चेंडू किती वेळा एकाकडून दुसऱ्याकडे गेला हे मोजायला सांगितले होते. मध्येच गोरिलाचा वेश घातलेली एक व्यक्ती खेळाडूंमधून चालत गेली, आणि पाहणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्या लोकांना ती दिसलीच नाही. आगीच्या रात्री, अंधारात, धुरात, अर्धवट झोपेतून बाहेर नेल्या जाणाऱ्या सात वर्षांच्या मुलीचे लक्ष कुठे असेल याची कल्पना करा. भीतीच्या क्षणी लक्ष एखाद्याच गोष्टीवर खिळते आणि तेवढीच गोष्ट खोल उमटते. तिच्या आजूबाजूचे, आधीचे आणि नंतरचे फारसे नोंदले जात नाही. ‘ती रात्र संपतच नव्हती’ हे तुमचे वाक्यही इथेच बसते. चेस स्टेटसन, मॅथ्यू फिएस्टा आणि डेव्हिड ईगलमन यांनी २००७ मध्ये काही स्वयंसेवकांना ३१ मीटर उंचीवरून खाली जाळ्यात पडू दिले आणि पडायला किती वेळ लागला ते विचारले. दुसऱ्याचे पडणे पाहून केलेल्या अंदाजापेक्षा स्वतःच्या पडण्याचा अंदाज सरासरी ३६ टक्क्यांनी जास्त निघाला. पडताना त्यांना काही जास्त वेगाने टिपता येत होते असे मात्र आढळले नाही. वेळ लांबला होता तो नंतर आठवताना.

म्हणजे त्या रात्रीचे मूळ नोंदणेच तुटक होते. मधल्या जागा कशाने भरल्या, हे तुमच्याच पत्रात आहे, आणि तुम्ही ते ओझरते लिहून पुढे गेला आहात : ‘पोरांना जाग आली म्हणून आम्ही वाचलो.’ आजींनी हे कौतुकाने म्हटले असेल, कदाचित त्यांनाही नेमके ठाऊक नसेल. पण त्या वाक्यात ‘पोरांना’ आहे, कोणत्या पोराला ते नाही. दहा वर्षांच्या मुलाने ते ऐकले आणि सात वर्षांच्या मुलीनेही ऐकले, एकदा नव्हे तर दर पाहुण्यासमोर. दोघांनीही आपापल्या मनात ते दृश्य पाहिले, आणि दोघांच्याही दृश्यात जागे झालेले मूल म्हणजे ‘मी’च असणे अगदी साहजिक होते.

नंतर ऐकलेला एखादा शब्द आठवणीत किती सहज शिरतो, हे एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये दाखवले. मोटारींच्या अपघाताची एकच चित्रफीत पाहिलेल्या काही जणांना ‘गाड्या एकमेकींवर आदळून चक्काचूर झाल्या तेव्हा त्यांचा वेग किती होता?’ असे विचारले, तर इतरांना त्याच प्रश्नात ‘एकमेकींना धडकल्या’ अशा अर्थाचा साधा शब्द वापरला. आठवड्याने सर्वांना विचारले की फुटलेली काच दिसली होती का. चित्रफितीत फुटलेली काच नव्हती. साधा शब्द ऐकलेल्या ५० जणांपैकी सात जण ‘हो’ म्हणाले. चक्काचूर हा शब्द ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जणांना ती काच आठवत होती. एका शब्दाने, एका आठवड्यात एवढे होते. तुमच्या बाबतीत तर आजींचे वाक्य सगळे बालपणभर कानांवर पडत होते. पुढे १९९६ मध्ये मेरिअन गॅरी आणि सहकाऱ्यांना असेही आढळले की बालपणीच्या एखाद्या प्रसंगाची माणसाने नुसती कल्पना केली तरी तो खरोखर घडला असावा ही त्याची खात्री वाढते.

आता कडी. थंड कडीचा स्पर्श मनाने शून्यातून निर्माण केलेला नाही. त्या घरात तुम्ही ती कडी शेकडो वेळा काढली-घातली असेल, थंडीच्या पहाटे तिचा गारवा बोटांना जाणवला असेल. तो स्पर्श खरा आहे. चुकला आहे तो त्याचा पत्ता. एका वेळचा अनुभव दुसऱ्या वेळच्या प्रसंगाला जोडला जाणे ही स्मरणातली अत्यंत नित्याची चूक आहे. ऑस्ट्रेलियात १९७० च्या दशकात एका स्त्रीने आपल्यावर अत्याचार करणारा म्हणून डोनाल्ड थॉम्सन या मानसशास्त्रज्ञाला ओळखले होते. गुन्हा घडला त्या वेळी थॉम्सन दूरदर्शनवरच्या थेट प्रक्षेपित कार्यक्रमात बोलत होते, म्हणून ते सुटले. हल्ल्याच्या आधी त्या स्त्रीने तोच कार्यक्रम पाहिला होता. चेहरा तिला बरोबर आठवत होता, फक्त तो कुठे पाहिला हे उलटसुलट झाले होते. तिने सांगितलेला अत्याचार मात्र खराच होता, हे इथे आवर्जून लक्षात ठेवावे.

तुमच्यात आणि दादांमध्ये जे घडले आहे ते इतके अपवादात्मक नाही. मर्सिडीज शीन, सायमन केम्प आणि डेव्हिड रुबिन यांनी २००१ मध्ये जुळ्या भावंडांच्या आठवणींचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकच प्रसंग आपल्याच बाबतीत घडला असे दोन्ही जुळ्यांनी सांगावे, अशी उदाहरणे त्यात वारंवार आढळली. जुळी नसलेली भावंडे आणि मित्र यांच्यातही ती सापडली, पण कमी. एका घरात, एका वयात, त्याच गोष्टी ऐकत वाढलेल्या मुलांमध्ये ‘हे माझ्या बाबतीत घडले’ आणि ‘हे मी जवळून पाहिले किंवा ऐकले’ यांतली सीमा पुसट होते. आणि तुमच्याकडे तर दोघांनीही हक्क सांगितलेली कृती, रोजनिशीवर विश्वास ठेवला तर, दोघांपैकी कोणाचीच नव्हती.

आईंनी चुकीचे लिहिले, हे दादांचे म्हणणे मी थेट झटकून टाकणार नाही, पण ते मला टिकणारे वाटत नाही. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर अंतराळयानाचा स्फोट झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उलरिक नायसर यांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून ही बातमी कुठे, कशी, कोणाकडून कळली ते लिहून घेतले. सुमारे अडीच वर्षांनी त्यांनी आणि निकोल हार्श यांनी त्यांतल्या ४४ जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. ११ जणांचे सगळे मुख्य तपशील चुकले होते, पूर्णपणे बरोबर निघालेले अगदी मोजके होते, आणि तरीही स्वतःच्या उत्तराविषयीची त्यांची खात्री पाचपैकी सरासरी चारच्या वर होती. स्वतःच्या हस्ताक्षरातला जुना कागद दाखवल्यावरही मूळची आठवण परत आली नाही. दुसऱ्या दिवशी लिहिलेले आणि कित्येक वर्षांनी आठवलेले यांच्यात निवड करायची असेल तर मी दुसऱ्या दिवशीच्या नोंदीच्या बाजूने उभा राहीन, मग आठवणारा कितीही ठाम असो. रोजनिशीलाही मर्यादा आहे, हे मान्य करू : मुले ‘गाढ झोपेत होती’ एवढे आईंनी पाहिले, त्यापूर्वी क्षणभर कोणी डोळे उघडले असतील तर ते त्यांना कळण्याचा मार्ग नव्हता. पण दार कोणी बडवले आणि त्यांना स्वतःला जाग कशी आली, याबाबत त्यांच्याहून जवळचा साक्षीदार नाही.

कोणत्या आठवणीवर विश्वास ठेवायचा, या तुमच्या प्रश्नाला ‘कोणत्याही नाही’ असे उत्तर देणे हा मला दुसऱ्या टोकाचा अविचार वाटतो. घराला आग लागली होती, सगळे वाचले, ती रात्र भयंकर होती, हा गाभा तुमच्या, दादांच्या आणि आईंच्याही सांगण्यात एकच आहे. स्मरणाचे सामान्यतः असेच असते : प्रसंगाचा गाभा आणि त्याचा अर्थ बराच टिकतो, कोण आधी बोलले, कोणी काय घातले होते, किती वाजले होते, कोणी काय केले हे तपशील सरकतात, एकमेकांत मिसळतात, ऐकीव गोष्टींनी भरले जातात. म्हणून ‘आठवते की नाही’ यापेक्षा ‘हे मला कशावरून ठाऊक आहे’ हा प्रश्न स्वतःला विचारण्याची सवय लावावी. त्या प्रसंगाकडे मनात पाहताना तुम्ही स्वतःला, दाराशी उभ्या असलेल्या लहान मुलीला, बाहेरून पाहता का? तसे दिसले म्हणजे आठवण खोटीच असे मुळीच नाही. पुष्कळ खऱ्या आठवणीही अशाच दिसतात. पण तुमच्या डोळ्यांनी ते दृश्य त्या कोनातून कधीच पाहिलेले नाही, म्हणजे निदान चित्र तरी नंतर रचलेले आहे, एवढे त्यावरून कळते.

एक गोष्ट इथे कळकळीने सांगावीशी वाटते. स्मृती चुकते हे कळल्यावर काही जण त्याचा हत्यारासारखा वापर करतात : कोणी आपल्यावर झालेला अन्याय सांगू लागला की ‘तुला नीट आठवत नसेल’ म्हणून त्याचे तोंड बंद करतात. तुम्ही दादांशी बोलताना ही चूक करू नका, आणि कोणी तुमच्याशी केली तर ती सहन करू नका. स्मरणाची मर्यादा सांगणाऱ्यालाही तितकीच लागू असते, आणि तपशील चुकल्याने झालेले दुःख खोटे ठरत नाही.

आता प्रत्यक्षात काय करावे ते सांगतो. रोजनिशी दादांच्या समोर पुरावा म्हणून पुन्हा ठेवू नका. ती त्यांच्या हातात द्या आणि सावकाश वाचू द्या. त्यानंतर दोघांनी स्वतंत्रपणे, एकमेकांशी चर्चा न करता, त्या रात्रीचे जे आठवते ते लिहून काढावे. आधी बोलणे आणि मग लिहिणे असा क्रम ठेवलात तर एकाचे तपशील दुसऱ्याच्या कागदावर उतरतील, आणि ते उतरल्याचे कोणालाच कळणार नाही. जुने फोटोही लिहून झाल्यावरच काढावेत. लिहिताना प्रत्येक वाक्यापुढे खूण करावी : हे मी स्वतः अनुभवले असे वाटते, हे आजींकडून ऐकले, हे असेच झाले असणार असा माझा तर्क आहे, हे सांगता येत नाही. शेवटच्या खुणेला लाजू नये. मग कागद एकमेकांना वाचून दाखवावेत आणि जिथे जुळत नाही तिथे निकाल लावण्याची घाई करू नये. ‘मला असे आठवते, आईने असे लिहिले आहे’ ही दोन्ही वाक्ये एका पानावर राहू शकतात.

शिवाय, तुम्हा दोघांच्याही हकिकतीत इतकी वर्षे त्या शेजारच्या बाईंना जागाच मिळालेली नाही, आणि आईंच्या नोंदीप्रमाणे तुमचे प्राण वाचले ते त्यांच्यामुळे. त्या हयात असतील तर दादांना सोबत घेऊन त्यांना भेटा. नसतील तर त्यांच्या घरच्यांना शोधा. विचारताना मात्र ‘आम्हाला तुम्हीच उठवलेत ना?’ असे विचारू नका, कारण त्या प्रश्नातच उत्तर आहे. रोजनिशीचा उल्लेखही आधी करू नका. ‘त्या रात्रीचे तुम्हाला काय आठवते?’ एवढेच विचारा, मध्ये न बोलता ऐका, त्यांचे बोलणे त्यांच्याच शब्दांत त्याच दिवशी लिहून ठेवा, आणि मगच त्यांना आईंचे ते पान वाचून दाखवा.